चारशे सतराचा बिल्ला

९ जानेवारी १९८४, सोमवार

सकाळच्या गाडीनं मनमाडहून नाशिकरोडला उतरले. थंडीनं बोटं वळत नव्हती, तरी मजेत चालत आले. दहा वर्षांनी ही वाट, आणि या वेळी नोकरीवर. पिशवीत गिरणीच्या साहेबांचं पत्र, ते मी स्वतः वाचलेलं.

गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली. आता ती मोडीत काढायची आहे. टाइम ऑफिसातले हजेरीचे गठ्ठे सालवार लावून ठेवायला कुणीतरी हवं होतं. साहेबांनी मागच्या महिन्यात विचारलं होतं, बाई, शिक्षण किती? म्हटलं, शाळा नाही, वाचन पुष्कळ. त्यांनी हजेरीचं एक मस्टर पुढं सरकवलं. मी घडाघडा वाचून दाखवलं.

फाटकावर रावजी पहारेकरी आहे. पूर्वी तो आमच्या यांच्या जोडीला कामाला असे. मला बघून गांगरला. मग म्हणाला, वहिनी, बिल्ल्याबिगर आत जायचं नाय, रीत हाय. गिरणी मेली तरी रीत जिवंत. आत जाताना फळ्यावरचा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून घ्यायचा, सुटी झाली की परत खिळ्याला लावायचा. बिल्ला खिळ्यावर दिसला की टाइमकीपर मस्टरात लिहिणार, ‘सुटला’. बाकी सगळे बिल्ले मोडीत गेले, म्हणे. एकच राहिला होता. ४१७.

रावजीनं मान खाली घातली. मी तो स्वतः काढला आणि कमरेला खोचला. यांचाच नंबर.

१० जानेवारी

वसाहत बघून आले. सहा चाळींतल्या चार रिकाम्या. दारं-खिडक्या लोकांनी सरपणाला नेल्या. दवाखान्यात शेळ्या बांधतात. तरणी माणसं सातपूरच्या कारखान्यांत गेली, काही मालेगावला मागावर बसली. राहिले ते खोकणारे. कुणी म्हणेल, जन्म काढला तिथं, वाईट नाही का वाटत? नाही वाटत. या गावानं माणसाचा कापूस केला. पिंजलं, कातलं, उरलं ते झाडून टाकलं. आता गाव स्वतःच झाडलं जातंय, त्याला मी का रडू?

मी सुलाबाईच्या शेजारच्या खोलीत उतरले आहे. सुलाबाई अजून फाटकासमोर शेंगा विकते, गिऱ्हाईक नसताना. तिच्याकडचा चहा घ्यायचा नाही असं ठरवून आले होते. पहिल्याच दिवशी घेतला. थंडीच तशी होती.

११ जानेवारी

इथं का आले ते एकदा लिहून ठेवते.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात ब्लोरूममध्ये, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, आग लागली. हे आत जळाले. गिरणी म्हणाली, बिल्ला फळ्यावर होता, मस्टरात तीन वाजून दहा मिनिटांनी ‘सुटला’ लिहिलंय, म्हणजे हा माणूस नंतर चोरून आत शिरला. बिडी ओढली आणि आग लावली. यांनी जन्मात बिडी ओढली नाही.

घाईत एकमेकांचे बिल्ले लावायची सवय सगळ्यांनाच होती. रावजीनंच यांचा लावला असणार, असं मी तेव्हापासून धरून चालले. तो शपथेवर नाही म्हणत राहिला. आणि सुलाबाईनं चौकशीत सांगितलं, मी त्याला तीनला फाटकातून जाताना बघितला. त्या दोघांच्या बोलण्यावर हे चोर ठरले. ‘मान्य’ म्हणून चौकशीच्या कागदावर माझा अंगठा घेतला. तो कागद वाचता यावा म्हणून मी अक्षरं शिकले. वाचल्यावर मनमाडला बहिणीकडं निघून गेले.

ब्लोरूमच्या खात्याची वेगळी वही असे. कुणाला कधी कुठं लावलं ते जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तीत लिहायचा. तीनच्या पुढं यांना कामाला लावलं होतं हे तीत असणारच. मला ती वही हवी आहे.

१२ जानेवारी

आज एक विचित्र झालं. पाचला निघाले तर फाटकाला कुलूप. हाक मारली. रावजी धावत आला, तोंड पांढरं पडलेलं. म्हणाला, वहिनी, तुमी तर तीनलाच गेल्या, बिल्ला लावून. कमर चाचपली. बिल्ला नव्हता. फळ्यावर होता.

पडला असेल, कुणी लावला असेल. पण रावजीशिवाय इथं कुणी नाही. त्याला चांगलं सुनावलं. दहा वर्षांपूर्वी केलंत तेच परत करता? तो रडला.

आम्ही धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच भूतखेत सोडलं. तेव्हा तसलं काही मी मानत नाही.

१३ जानेवारी

सुलाबाई फुरंगटली होती. म्हणे, काल तीनला समोरून गेलीस, मी लय हाका मारल्या, ये बाई शेंगा खा, तर मान वळवली नाय. एवढी कसली गं मिजास, कारकुनीण झालीस म्हणून?

मी तेव्हा आत एकोणसत्तर सालचा गठ्ठा बांधत होते.

विचारलं, मी गेले ती कुठं? म्हणाली, रुळाकडं. मग थांबून म्हणाली, तुझा नवरापन तसाच गेला व्हता त्या दिशी. तसाच, मान न वळवता.

१४ जानेवारी

झोप नाही. सुलाबाई खोटं बोलत नव्हती. रावजीही नव्हता. दहा वर्षं मी चुकीच्या माणसांवर राग धरला.

आज बिल्ला दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला. तीन गाठी. तीन वाजता हात लावला तेव्हा दोरा होता. गाठी होत्या. बिल्ला नव्हता.

अर्धा तास फाटक बडवलं तेव्हा रावजीला ऐकू आलं. तो दहा पावलांवर बसला होता.

१६ जानेवारी, सोमवार

टाइम ऑफिसच्या टेबलावर एक मस्टर उघडं पडलेलं. कोरं. फक्त एक ओळ. ४१७. बारा तारखेला ‘सुटली’. चौदाला ‘सुटली’. शाई ओली.

सुटली म्हणे. लेखी सोडून दिलं की आतल्या माणसाचं काहीही करायला मोकळे. यांच्या बाबतीत हेच केलं.

मी त्या ओळीवर काट मारली. वर माझ्या अक्षरात लिहिलं — आत आहे. कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलं.

१७ जानेवारी

रावजीची माफी मागितली. तो म्हणाला, वहिनी, जाऊ द्या, मनमाडला परत जा, गिरणी लय खराब झाली. म्हटलं, एकदा गेले होते. तेव्हा अंगठा देऊन गेले. आता सही केल्याशिवाय जाणार नाही. फक्त एवढं करा, फळ्यावर बिल्ला दिसला तरी कुलूप लावू नका. तो हो म्हणाला. पण माझ्याकडं बघून नाही. मी उभी होते त्याच्या जरा बाजूला बघून म्हणाला.

ब्लोरूम तेवढं राहिलं बघायचं. आगीनंतर ते कुणी उघडलं नाही. उद्या दोनच्या आत बाहेर येईन.

१८ जानेवारी, सकाळ

सुलाबाईला दोनदा हाक मारली. तिनं इकडंतिकडं पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, कोन? यशोदा? कुठं हायस गं?

तिच्या समोरच उभी होते.

१८ जानेवारी

सापडली. काळ्या पडलेल्या लोखंडी कपाटात. जॉबरचं अक्षर. ‘४१७ जयराम, कापूस अडकला, ३.२० ला काढायला आत लावला.’ तीन वीस. कामावर होते. चोर नव्हते. पान फाडून घेतलं —

भिंतीवरचं घड्याळ दोनच दाखवत होतं. बंद होतं. कधीपासून —

पुन्हा १८

कुलूप. ओरडून घसा बसला. कुंपणाच्या भिंतीवर काचा आहेत. फाटकाच्या फटीतून फळा दिसतो. बिल्ला खिळ्यावर.

बाहेर सुलाबाई शेंगा देतेय. माझ्या लुगड्यातली बाई घेतेय. या वेळी तिनं मान वळवली. सुलाबाई हसतेय. म्हणतेय, आली बाई एकदाची शेंगा खायला —

आत धूर येतोय. मागच्या रिकाम्या दालनातून, जळायला काही नसताना.

डब्याच्या वेळी आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नसू. फाटकाशी सुलाबाईपाशी ठेवताना चारशे सतराचा डबा म्हणायचं, की यांना मिळायचा. आज नाव घेतलं. मोठ्यानं. जयराम.

ब्लोरूमकडून खोकला आला. तो खोकला मी ओळखते. हे गेलेच नाहीत. दहा वर्षं —

मी यांना भीत नाही. दोघं आहोत आता.

ही माझी वही त्या फाडलेल्या पानासकट फाटकाखालून सारते. सुलाबाई, तुला अक्षर येत नाही, डब्यांमुळे आकडा येतो. म्हणून मोठा काढते. रावजीला दे. तो वाचील. त्या बाईला घरात घेऊ नकोस. तिला विचार, आधी हाका मारल्या तेव्हा शेंगा का नाही —

४१७

अंगठा नाही. सही करते. यशोदा जयराम. बिल्ला काढ रावजी, खिळ्यावरचा बिल्ला काढ, आम्ही सुटलो नाही, आम्ही आत