भिंतीवरचं घड्याळ

हार्लन,

कालचा रोस्ट फ्रीजमध्ये आहे, तो गरम करून घे. उद्यापासून तुझं तू बघ. मी दवाखान्यात आईजवळ राहणार आहे.

दर मार्चात सरकार सगळ्यांची वेळ तासभर पुढे नेतं, तशी ती काल बदलली, म्हणून मी स्वयंपाकघरातलं घड्याळ तासभर पुढे केलं. मी झोपल्यावर तू ते गुपचूप मागे केलंस. माझा फोन दुरुस्तीला दिलाय हे तुला ठाऊक होतं. सकाळी त्याच घड्याळावर विसंबून निघाले आणि पोचले तेव्हा आईला ऑपरेशनला नेऊन पाऊण तास झाला होता. नर्स म्हणाली, "अर्लीन आली का, असं त्यांनी तीनदा विचारलं." आई अजून शुद्धीवर आलेली नाही.

गाईंना सरकारची वेळ कळत नाही, हे तुझं पालुपद मी बावीस वर्षं ऐकतेय. हा वेळेचा खेळ बंद करा म्हणून तू अर्ज फिरवलास, त्यावर पहिली सही माझीच आहे. फाटकावरची पाटीसुद्धा मीच रंगवली. भांडायचं तर आमदाराशी जाऊन भांड, मीही येते. पण माझ्या आईच्या जिवावर कसली तत्त्वं पाळतोस?

आत्ता कपडे न्यायला आले, तर सिंकपाशी तुझं मनगटी घड्याळ दिसलं. ते तासभर पुढे लावलेलं आहे. सरकारी वेळेने येणारा दुधाचा टँकर चुकायला नको, नाही का.

ते मी घेऊन चालले आहे. भिंतीवरचं तुला राहू दे.

अर्लीन