डावं पायडल जड जातंय

मी, ओडेल पेटिफर्ड, वय चौऱ्याहत्तर, राहणार मिलवॉकी शहराची उत्तर बाजू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसांनी तेवढा राजीनामा दिला आहे. कोणी धमकावलेलं नाही आणि दारूही घेतलेली नाही.

१. राहतं घर माझी बहीण व्हर्ना हिला द्यावं. आमच्या सायकलदुरुस्तीच्या शाळेला ती तीस वर्षं 'भंगारखाना' म्हणत आली. त्याच भंगारातून वस्तीतली किती पोरंपोरी कामाला लागली, हे तिने एकदा तरी चारचौघांत कबूल करावं. ही अट नाही, इच्छा आहे. बिडाचा तवाही तिलाच. साबणाने घासू नये.

२. मुलांनी मोडकी सायकल दुरुस्त करायला शिकावं आणि तीच घरी न्यावी, ही शाळेची रीत चालू ठेवावी. प्रत्येक सायकलला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर दोन सह्या: दुरुस्त करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दुसऱ्या सहीशिवाय सायकल दाराबाहेर जाऊ नये. हा नियम मीच केला आणि मीच मोडला.

३. शाळेची जागा, सगळी हत्यारं आणि माझं निळं एप्रन टेरन्स ओकली याला. तो नको म्हणेल. म्हणून पुढचं त्याला वाचून दाखवावं.

टेरन्स, बारा वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार. तू सतरा वर्षांचा होतास. माझ्या मुलीसाठी, लव्हॉनसाठी, हिरवी सायकल तयार केलीस आणि म्हणालास, "मिस्टर ओडेल, डावं पायडल फारच जड जातंय. जरा बघता का?"

माझ्या हातात तळलेला मासा होता. "जड जातंय म्हणजे घट्ट बसतंय, शहाण्या! आण ती चिठ्ठी." न बघता, तेलकट बोटांनी सही ठोकली.

डावं पायडल उलटं पिळायचं, आणि पहिले आटे बोटांनी सहज फिरले नाहीत तर आटे चुकलेत समजायचं, हे मीच पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. लव्हॉन चढावर उभ्याने पायडल मारत होती, तेव्हा ते निखळलं. मागे ट्रक होता. ती एकोणीस वर्षांची होती.

दफनाच्या दिवशी तू माझ्यासमोर कोसळलास. "माझ्या हातून झालं, मिस्टर ओडेल." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प बसलो. लोक म्हणाले, काय मोठं मन ओडेलचं! मी तेही ऐकून घेतलं. त्या दिवसापासून तू पान्याला हात लावला नाहीस. आता गोदामात खोकी उचलतोस.

त्या हिरव्या सायकलची चिठ्ठी मी पोलिसांच्या आधी कापून घेतली होती. हत्यारपेटीच्या तळाशी आहे. तिच्यावर माझी सही आहे, तेलाच्या डागासकट. ती तुझी. वाटेल त्याला दाखव.

४. चढाच्या कोपऱ्यावर लव्हॉनच्या आठवणीची पांढरी सायकल उभी आहे. दरवर्षी बर्फ वितळला की मी तिला रंग देतो. डावं पायडल बसवायला मात्र माझा हात धजला नाही. पोरा, ते तू बसव. आटे बोटांनी लाव. जड गेलं, तर थांबून विचार. तेव्हाही तू विचारलं होतंस.

सही: ओडेल पेटिफर्ड
मिलवॉकी, ९ एप्रिल २०१९

साक्षीदार: लोरेन टिब्स (शेजारीण) आणि एमॉस व्हिटलो (निवृत्त बसचालक).
दोघांनी प्रत्येक ओळ वाचली, मगच सही केली. मी तोवर पेन दिलं नाही.