झाकून ठेवलेली ताटं

१४ नोव्हेंबर

प्रिय दादास,

सप्रेम सलाम.

ह्यांच्या उजव्या डोळ्याची नजरही आता परत येणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काल तपासून तसं सांगितलं. अंधूक दिसत होतं तेही गेलं. डावा आधीच गेलाय, तुला ठाऊक आहेच. वहिनीची कंबर कशी आहे? इकडे थंडी पडलीय. स्वेटर बाहेर काढलेत.

दुकानाचं सांगते. ऑपरेशननंतरही हे दुरुस्तीची घड्याळं घेतच होते. "नजर आली की करून देतो," म्हणायचे. लोकही ठेवून जायचे. बेकरीवाला म्हणाला, "राहू द्या निवांत. घड्याळ तुमच्याकडे आहे तोवर उशीर झाला असं बायकोला म्हणता येत नाही." ह्यांचा देवाच्या वचनावर भरवसा होता, माझा तुझ्या प्रार्थनांवर. मी घड्याळं कपाटात लावत गेले.

आज सकाळी सगळी परत करायला बांधली. मला रडू आलं नाही. नुसती भूक लागली होती.

"देव शब्दाला जागला नाही," मी म्हटलं.

"डोळ्यांचा शब्द त्यानं दिलाच नव्हता. बरोबर राहीन म्हणाला होता."

"मग काय, बरोबर बसून बघतोय?"

"एकाला तरी दिसायला हवं ना," हे म्हणाले आणि दोरा मागितला.

आपल्या बाबांची रीत ह्या घरातही आहे. एकानं प्रार्थना करायची, दुसऱ्यानं आमेन म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही. मला छळायला तू आमेन मुद्दाम उशिरा म्हणायचास, आठवतं? गेले काही महिने मी नुसती मान हलवत होते. ह्यांना तेवढं दिसायचं, भागायचं.

आज दुपारी ह्यांनी नेहमीचेच आभार मानले आणि थांबले. मी मान हलवली. हे थांबलेलेच.

"जेवा, निवतंय."

"निवू दे."

शेवटी दोघंही तसेच उठलो. ताटं झाकून ठेवलीत.

दादा, 'विश्वास ठेव' असं उत्तर लिहू नकोस. ते मी तुझ्या प्रवचनांत पुष्कळदा ऐकलंय. पाळक झाल्यापासून तूही कधी नुसती मान हलवली आहेस का, तेवढंच कळव.

हे हात धुताहेत. मी जेवण गरम करायला ठेवलंय. आता टेबलाशी बसू. हे तेच आभार मानतील आणि थांबतील.

तुझी उपाशी
धाकटी