मूळ फोटो पुसू नये

रविवार, ५ जानेवारी
या गावी बदली होऊन आठवडा झाला आणि आज माझ्या हौसेलाही नोकरी लागली. सोमवार ते शुक्रवार पाणीपुरवठा कार्यालयात बिलांच्या तक्रारी, शनिवार-रविवार चौकातल्या स्टुडिओत फोटो. बायको म्हणाली, दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याचं काय होतं ते ठाऊक आहे ना? मी म्हटलं, हात दोनच आहेत, नाहीतर तिसरी डगर शोधली असती. आमची लेक चिमणी पहिलं गिऱ्हाईक म्हणून कपाटाच्या आरशापुढे उभी राहून सराव करतेय. फार बरं वाटतंय.

शनिवार, ११ जानेवारी
स्टुडिओच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. आज एका कुटुंबाचा फोटो होता. सगळे छान आले, आजोबांचे डोळे तेवढे मिटलेले. अशा वेळी दुसऱ्या फोटोतले त्यांचेच उघडे डोळे उचलून मिटलेल्यांवर बसवायचे, हे मास्तरांनी कॉम्प्युटरवर शिकवलं. मला पहिल्याच फटक्यात जमलं. पाठ थोपटून त्यांनी बजावलं, मिटलेल्या डोळ्यांचा मूळ फोटो कधीच पुसायचा नाही. का, ते विचारलं तर विषय बदलला. जुन्या माणसांच्या जुन्या सवयी.

रविवार, १९ जानेवारी
चिमणी सहा वर्षांची झाली. स्टुडिओतच तिघांचा फोटो काढला. सगळ्यांत चांगल्या फोटोत नेमके चिमणीबाईंचे डोळे मिटलेले. बसवले उघडे. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं, पुढचं गिऱ्हाईक दारात, आणि सकाळी ऑफिस. सगळं कार्ड पुसून टाकलं. आमचं आणि त्या आजोबांचंही.

मंगळवार, २१ जानेवारी
आजोबांचा मुलगा ऑफिसच्या खिडकीशी आला. मला वाटलं बिलाचं काही असेल. म्हणाला, फोटो घरी आल्यापासून वडिलांनी डोळे मिटलेले नाहीत. डॉक्टर नुसते थेंब देतात. मास्तरांनी सांगितलंय, मूळ फोटो शोधून भिंतीवर लावा, उतार पडेल. बघतो म्हणालो आणि त्याच्या मागच्या माणसाच्या अर्जावर शिक्का मारला.
घरी आलो तर बायको म्हणाली, चिमणी दोन दिवस झोपलेली नाही. मी तिच्यासमोर बसून राहिलो. तिची पापणी लवत नव्हती.

गुरुवार, २३ जानेवारी
मास्तरांनी कार्ड तीनदा तपासलं. मग खाली बसले. म्हणाले, मिटलेला डोळा त्याच फोटोतला लागतो. दुसरीकडून आणून बसवू नकोस, जसा डोळा आणशील तसं माणूस येतं.
आजोबा सकाळी गेले. डोळे तसेच.
चिमणी म्हणते, बाबा, डोळे दुखतात. ऑफिसात आठ तास बिलं तपासली, एकही चूक नाही. मला रडू यायला हवं होतं. आत काही हलतच नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी
रजा टाकली. जुन्या फोटोंत एक सापडला. चिमणी दोन महिन्यांची, पाळण्यात, गाढ झोपलेली.
मास्तरांचं ऐकायला हवं होतं. पण ती भिंतीशी बसून डोळ्यांवर ओला रुमाल धरत होती —
त्या पापण्या मोठ्या केल्या. वाढदिवसाच्या फोटोत तिच्या डोळ्यांवर बसवल्या.
पलीकडच्या खोलीतून बायकोची हाक. झोपली. बायको हसत होती आणि रडत होती.

शनिवार, २५ जानेवारी
दुपार झाली. उठत नाही. श्वास आहे. डॉक्टर म्हणाले, थकवा, झोपू द्या.
उघडे डोळे शोधतोय. शाळेचा फोटो — मिटलेले. सहलीचा — मिटलेले. भिंतीवरचा —
बायको हाका मारतेय. मीही मारतो.
मूठ मिटलेली. माझं बोट आत घातलं तर घट्ट धरलं. इतकी लहान मूठ —
चादरीखाली पाय काल खाटेच्या टोकापर्यंत जात होते. बायकोला सांगितलेलं नाही. ती आता पायांकडून चादर सारखी करतेय. हात चादरीवरून वर वर चाललाय, पाय शोधत, आणि ती माझ्याकडे बघून —