सोळा आणि साडेसोळा

लातूर, दि. १३ जुलै १९९८, सोमवार.
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. (टेप गुंडाळून मैदानाच्या कट्ट्यावर बसलो आहे. टेप कशाला, ते पुढे येईल.)

तीर्थरूप दाजींना आनंदराजचा सप्रेम जय भीम.

तुमचा खोकला आता कमी असेल, महामाया अक्काची कंबर ठीक असेल आणि नव्या रंगीत टीव्हीची तब्येतही उत्तम असेल असे धरून चालतो. काल विश्वचषकाची फायनल बघायला मला तुम्ही आग्रहाने नांदेडला बोलावले होते. अक्काने माझ्या वाटचे धपाटे बांधून ठेवले असतील, गादी टाकली असेल, आणि मी आलो नाही. तेव्हा तुम्ही तिला म्हणाला असाल की याला खरा फुटबॉल नको, याला धूळ पाहिजे. दाजी, तुमचे बरोबर आहे. पण काल ती धूळ कशी होती ते ऐका, म्हणजे धपाट्यांचा राग थोडा कमी होईल.

आमचा मिलगल्ली फुटबॉल क्लब लातूर-नांदेड लीगच्या ब गटात खेळतो, हे मी मागच्या तीन पत्रांत कळवले आहे आणि तिन्ही वेळा तुम्ही उत्तरात टीव्हीची किंमत कळवली आहे. ब गटात आठ संघ. काल सकाळपर्यंत आम्ही सातवे होतो. आठवा येईल तो बाहेर. बाहेर म्हणजे खालच्या गटात नव्हे, कारण क गट नाहीच. आमच्या खाली जमीन आहे. आणि ती जमीनही राहणार नव्हती. मैदान ज्या संस्थेचे आहे तिने लिहून दिले आहे की लीगमध्ये असलेल्या क्लबलाच रविवारची दुपार मिळेल. क्लब बाहेर गेला की दुपारही कोचिंग क्लासच्या टेस्टला. (सकाळ त्यांच्याकडे आधीच गेली. सहाशे पोरे मैदानात ओळीने बसून डॉक्टर होतात.) कालचा सामना शेवटचा, समोर तुमच्याच नांदेडचा संघ. हरलो तर आठवे, बरोबरी केली तर सातवे. जिंकण्याचा विचार कोणी केला नव्हता.

मी खेळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी क्लबचा चिटणीस आहे, वही ठेवतो आणि रेघा मारतो. रेघा मारायला तुम्हीच शिकवले. भूकंपानंतर गावे नव्या जागी बसवायची होती तेव्हा टेपचे दुसरे टोक धरायला तुम्ही मला नेले, आणि माझी दहावी राहिली. (नापास नाही, गैरहजर. दोन्हींत फरक आहे, लोक ऐकत नाहीत.) पहिला मीटर बुलडोझरखाली गेल्यावर तो टेप तुम्ही मला बक्षीस दिला. तो एकपासून सुरू होतो, म्हणून आकड्यातून एक वजा करावा लागतो. चार वर्षे मी न चुकता वजा करतो आहे. आकडा दोनदा वाचायचा, एकदा वाकून आणि एकदा उठून उभे राहिल्यावर, हेही तुमचेच.

क्लासच्या सरांनी पोरांना बसवायच्या ओळींचे कामही मलाच दिले आहे. मी कामाला आहे त्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांच्या नोट्समधले ऱ्हस्व-दीर्घ मी फुकट नीट करतो, त्यावरून माझ्यावर त्यांचा विश्वास बसला. गोलाच्या रेघेपासून दर दोन मीटरवर एक आडवी ओळ, मैदानभर. पोराने ओळीच्या मागे बसायचे, ओळ ओलांडायची नाही. आता एकाच मैदानावर दोन प्रकारच्या रेघा आल्या म्हणजे गोंधळ होणार, म्हणून मी आणि वॉचमन मलप्पाने पहिल्या दिवसापासून नियम केला: फुटबॉलला पांढरी फक्की, टेस्टला दालमिलची राख. पांढरे ते आपले, करडे ते डॉक्टरांचे. वर्षभर एकदाही तक्रार नाही.

गेला आठवडा दालमिल बंद होती. राख नाही. मलप्पा म्हणाला, घरच्या चुलीची आणतो, आणि एक घमेले घेऊन आला. त्यात रोल नंबर चाळीसपर्यंत झाले. बाकी साडेपाचशे पोरांसाठी मी फक्की वापरली. टेस्ट अकराला संपेल, पाच तास हातात, खराट्याने झाडून घेऊ असा हिशोब होता. पण सरांना ऐनवेळी तीस प्रश्न जास्त सुचले, मग पालकांना मार्गदर्शन सुचले, आणि मैदान आमच्या हाती आले तेव्हा पावणेचार वाजले होते. नांदेडचे अकराही जण बूट घालून उभे. मैदान दुरेघी वहीसारखे दिसत होते. पेनल्टी बॉक्सच्या बाजूच्या रेघांवर पोरे बसून उठल्यामुळे त्या साफ पुसल्या गेलेल्या, आणि आडव्या मात्र सगळ्या शाबूत, कारण क्लासला शिस्त आहे.

रेफरी सिद्धेश्वर सर. चाकूरच्या शाळेत ड्रिलचे मास्तर होते, आता रिटायर. त्यांना सव्वासहाची एसटी गाठायची असते, त्यामुळे आमच्याकडे जादा वेळ एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळतो. त्यांनी मैदान पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चार वाजता शिट्टी मारली.

दाजी, आता सामना. तुमच्या टीव्हीवरचे खेळाडू मोठे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना तुम्ही खुर्चीतून कितीही ओरडलात तरी त्यांना ऐकू जात नाही. आमच्याकडे ऐकू जाते. उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या धुरपताबाई गोलाच्या मागेच पाटी मांडतात. आमचा बॅक शेषेराव (दालमिलमध्ये हमाल, शंभर किलोचे पोते एका दमात) चेंडू पायात घेऊन थबकला, तर त्या म्हणाल्या, "शेषेराव, पोतं उचलताना बी एवढा इच्यार करतूस का रं?" शेषेराव चेंडू सोडून मागे वळला आणि म्हणाला, "मावशी, पोतं पळत न्हाई." तेवढ्यात नांदेडच्या पोराने चेंडू काढून नेला आणि गोल केला. एक-शून्य. तुमच्या विश्वचषकात प्रेक्षकाने असा गोल करून दाखवावा.

आमची बरोबरी यासेरने केली. हा शिलाईकाम करतो, नांदेडच्या गोलकीपरची पँटही त्यानेच एकदा लहान केली होती. डाव्या कोपऱ्यात भूकंपाच्या वेळच्या पत्र्याच्या शेडचे जोते अजून आहे, गवतात चार बोटे वर. आमची पोरे ते झोपेतही ओलांडतात. नांदेडचा बॅक अडखळला, यासेर गेला, चेंडू आत. अख्खी मिलगल्ली मैदानात आली आणि परत जायला पाच मिनिटे लागली.

मग सहाला दहा कमी असताना ते झाले. नांदेडचा लांब केसांचा फॉरवर्ड सुसाट आला, शेषेरावाने त्याला अडवले. म्हणजे शेषेराव तिथे उभा राहिला आणि तो येऊन आदळला. फाउल होता, आम्हीही मान्य केले. प्रश्न एवढाच की तो बॉक्सच्या आत की बाहेर. तो पडला तिथे पुढे एक पांढरी रेघ आणि मागे एक पांढरी रेघ, मधे अर्धा मीटर, आणि त्यात तो आडवा. एक रेघ बॉक्सची, साडेसोळा मीटरवर. दुसरी रोल नंबरांची, सोळावर. गोलाकडची रेघ खरी असेल तर तो बाहेर पडला, साधी फ्री किक. बाहेरची खरी असेल तर तो आत पडला, पेनल्टी. आणि गोलात आमचे पाशामियाँ, वय सेहेचाळीस, ऑटो चालवतात.

सिद्धेश्वर सरांनी बोटाने मला बोलावले. धुरपताबाईंनी शेंगांचे माप हातातच धरले.

"रेघा तूच मारल्यास न्हवं?" सर म्हणाले. "मग खरी कंची, ते तू सांग. मी तुझं लिवून घेतो."

मी वाकून पाहिले आणि म्हणालो, "आतली."

फ्री किक झाली, चेंडू थेट क्लासच्या होस्टेलच्या गच्चीवर गेला, पोरांनी तो दिला नाही, सरांनी घड्याळ पाहिले आणि सामना संपवला. एक-एक. आम्ही सातवे. शेषेरावाने मला उचलून पाठीवर घेतले (हमाल पोते घेतात तसेच, म्हणजे डोके खाली) आणि गल्लीभर फिरवले. यासेरने गोल केला, पण नाव माझे झाले. पाशामियाँनी सगळ्यांदेखत सांगितले की हा पोरगा रेघेला खोटे बोलत नाही.

म्हणून म्हणतो, दाजी, फुटबॉल इथला. काल रात्री टीव्हीवर तुम्ही जे मैदान पाहिले त्यावर रेघा कोणी मारल्या, सांगता येईल? कोणालाच येणार नाही. आमच्या मैदानावरच्या प्रत्येक रेघेला नाव आहे, पत्ता आहे, आणि काही विचारायचे असेल तर माणूस तिथेच उभा असतो. याचा मला अभिमान आहे. जगात सगळ्यात वरचा संघ कोणता हे एका रात्रीत ठरते. ब गटातला सातवा ठरायला वर्ष लागते.

अक्काला जय भीम सांगा. धपाटे वाया गेल्याबद्दल तिची क्षमा मागतो.

तुमचा मेहुणा,
आनंदराज

ता. क. १ (सकाळी सात) : फायनल कोण जिंकले ते कळवावे. मलप्पाच्या रेडिओचे सेल गेले आहेत आणि गल्लीत कोणाला विचारले तर ते कालचाच सामना पहिल्यापासून सांगतात.

ता. क. २ (सात चाळीस) : टेप कशाला ते सांगायचे राहिले. राहिले नाही, टाळले. वर लिहिलेले सोळा आणि साडेसोळा हे आकडे आज सकाळचे; काल त्या वेळी आकडा मनात न आणताच मला आतलीच वाटली. पण ती वाटली की वाटावीशी वाटली, हे मला कळेना, म्हणून आज उजाडताच मलप्पाला टोक धरायला लावून मोजले. तीन वेळा. एकदा वाकून, एकदा उभे राहून, आणि एकदा मलप्पाला वाचायला लावून. (तो कानडीत वाचतो, पण आकडा तोच.) बाहेरच्या रेघेला टेपवर साडेसतरा, वजा एक, साडेसोळा. खरी रेघ बाहेरची. तो आत पडला होता. काल मी एकदाच पाहिले, आणि तेही फक्त वाकून.

ता. क. ३ (सव्वानऊ) : कोणाला सांगू कळेना, म्हणून ऑटो स्टँडवर जाऊन पाशामियाँना सांगितले. ते शेवया खात होते, खात राहिले. मी म्हणालो, कळवले तर पेनल्टी, गोल झाला तर आठवे, म्हणजे लीग गेली आणि मैदान गेले. नाही कळवले तर कोणालाच कळणार नाही, रेघा मी झाडल्या की संपले. त्यांनी डबा बंद केला. "कल मैं सबके सामने क्या बोल्या तेरेकू?" ते म्हणाले. "लिख दे. मारने दे उनकू. मैं खडा हूँ गोल में." मग त्यांनी एक पॅसेंजर घेतला आणि गेले. मी रेघा झाडल्या नाहीत.

ता. क. ४ : सोबत बंद पाकिटात लीगच्या सेक्रेटरींच्या नावे माझा जबाब आहे, सही आणि पत्त्यासह. ते तुमच्याच गल्लीत राहतात. पोस्टाने पाठवला तर वाटेत माझे मन बदलून मी पोस्टमनला गाठेन, म्हणून हे सगळे नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडतो आहे; जबाब तुम्ही स्वतः नेऊन द्यावा ही खरी विनंती. वरचे सगळे पत्र त्यासाठीच. नियम चौदाप्रमाणे (नियमपत्रिकेची झेरॉक्स मीच काढली आहे) रेघेची चूक सिद्ध झाली तर तेवढाच भाग पुन्हा खेळवतात. म्हणजे येत्या रविवारी नांदेडचा अख्खा संघ चार तास एसटीत बसून एका किकेसाठी येणार. तुम्हीही त्याच गाडीने या. येताना ऑफिसातला अख्खा टेप आणा, शून्यापासूनचा. फाटक्या टेपचा पुरावा नांदेडवाले मानणार नाहीत. मिल आजपासून सुरू झाली आहे, राख भरपूर. खुर्ची तुमची तुम्ही आणायची. शेंगा धुरपताबाई देतील.

ता. क. ५ : तुम्ही विचाराल, म्हणून वहीतून उतरवतो.
पाशामियाँ, गोलकीपर, सन १९८७ पासून आजपर्यंत :
समोर आलेल्या पेनल्ट्या – १७
गोल झाले – १५
बाहेर गेल्या – २
अडवल्या – ०
येणे बाकी – १