आजचं टिंब कुठं आलं

आदरणीय दाजी उत्तमसिंग यांस, साळा रूपसिंगचा कोपरापासून राम राम. इकडं सारे खुशाल, आमच्या घरच्या हंसाचा गुडघा सोडून. तुमची तब्येतही बरी असन, कारण माझा फोन घडीघडी कापाले अंगात ताकद लागते. म्हणून हे पत्र.

तुम्ही बबिताले मारेगावाहून माझ्याकडं धाडलं अन् सांगतलं, मामा आहेस तं पोरीले समजाव, पुण्यात शिकाले राहून आभाळ पाहणं बंद, तलाठ्याच्या परीक्षेले बस म्हणा. मी कंबर कसली. पह्यल्याच दिवशी ओसरीत बसवून दरडावलं, चार वर्षं तू पाहून काय राह्यली? इथंच चुकलो, दाजी. तिनं सांगतलं.

म्हणे लय दूर एक दीर्घिका आहे (ताऱ्यांची भलीमोठी वस्तीच समजा). तिच्या मधात कृष्णविवर बसलं आहे. ते आजूबाजूचं सारं ओढून घेते, अन् त्या झोंबाझोंबीत गॅमा किरण अन् एक्स-रे असे सुटतात, की नेम आपल्याकडंच. एक्स-रे म्हणताच हंसा उठली अन् भर दुपारी गच्चीवर जाऊन गुडघा आभाळाकडं करून बसली. (दवाखान्यात कायले जा!) बबितानं समजावलं, मामी, हे किरण हवा अडवते, म्हणून तर उपग्रह वर ठेवला. हंसा म्हणे, "बरं, हवा पडली की आवाज देजो."

पण मी माघार घेणारा माणूस नाही. म्हटलं, साऱ्या तांड्यासमोर दाखव काय दिसते ते. हसं झालं की पोरगी आपोआप सोडन. तिनं लॅपटॉप उघडला. ना फोटो, ना रंग, नुसती टिंबं! एका दिवसाचं एक टिंब. त्या दीर्घिकेचा उजेड वाढला तं वर, घटला तं खाली. कित्येक महिन्यांची टिंबं खालीच निजलेली. लोक हासले, मी मनातून खुश. दुसऱ्या दिवशी टिंब उठलं. मंग रोज वर. शेवटी ओसरीत बसाले जागा नाही, कापूस वेचणाऱ्या बाया बांधावरून इचारत, "आलं का वं?"

बबिताच्या डोळ्यात पाणी. एवढी भडकलेली दीर्घिका तिले पह्यल्यांदाच सापडली. एक्स-रे पाहणारा उपग्रहही बबिताच्या अर्जावरून तिकडं वळवला, पण ते सारं तपासाले पुण्यात जाणं भाग, नाही तं चार वर्षं पाण्यात. "बाबा जाऊ देतीन का?" म्हणे. मी ठासून सांगतलं, तुह्या बाबाले इचारल्याबिगर मी तुले हलू देणार नाही. तवा चिंता नसावी, पोरगी माझ्या नजरेखाली आहे.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
रूपसिंग

ता. क. : नजरेखाली होती. आज सकाळी दिग्रसच्या स्टँडवर मीच तिले गाडीत बसवलं. शिव्या मले द्या, तिले नका देऊ.

आणखी ता. क. : लॅपटॉप तिच्यासंगं गेला. इथं सारा तांडा माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला. तं एक काम करा. संध्याकाळी तिले फोन लावा, इतकंच इचारा, आजचं टिंब कुठं आलं, अन् मले कळवा. मी लावतो तं "मामा, बाबा काही बोलले का?" याच्यापुढं पोरगी सरकतच नाही. तुम्ही माझा फोन नाही उचलला तरी चालते.