चिमीसाठी पेव

सांगली, ५ मार्च १९६४
आजपासून रोजनिशी. चहाही आजपासून कमी.
दोन खोल्यांचं भाड्याचं घर. त्यात खाट, टेबल, ट्रंका, जाळीचं कपाट. पोरीनं खेळायचं कुठं? काल चिमीनं खाटेखाली भातुकली मांडली आणि उठताना टेंगूळ आणलं. ही म्हणाली, पोरीला वाईला माझ्या आईकडं ठेवते, तिथं अंगण हाय. मी म्हटलं, मी ड्राफ्ट्समन आहे, घरातच अंगण काढून दाखवतो. चिमी कुठंही जाणार नाही.

७ मार्च
प्लॅन सुचला! हरिपूरला हळद जमिनीखाली पेवात ठेवतात. तोंड अरुंद, पोट मोठं. वर माणसं खुशाल चालतात. तसंच आपलं सामान पेवात, वरची खोली मोकळी! इतकं सोपं आजवर कुणाला कसं सुचलं नाही? ही म्हणाली, लोकांना डोकं हाय म्हणून.
चहा तीनदा. विचार करताना लागतोच.

९ मार्च
पेवं खणणारा बिराप्पा आला. हळद किती म्हणून विचारलं. खाट, टेबल, दोन ट्रंका, सांगितलं. लय वेळ हसत होता. आनंदी माणूस.
घरमालक दादासो मिरजेला लेकीकडं गेलेत. आल्यावर थक्क होतील.

१२ मार्च
खोलीभर मातीचा ढीग. चिमी दिवसभर त्यातच. जेवायलाही उठेना. काय ही अडचण!

१४ मार्च
ढीग बैलगाडीनं बाहेर काढला. चिमी भोकाड पसरून रडली. तिला प्लॅन कळत नाही.

१५ मार्च
सामान खाली! तोंड अरुंद, म्हणून खाटेचे पाय कापावे लागले. चिमीला मधोमध उभं केलं, म्हटलं, खेळ. तिनं भातुकली मागितली. भातुकली ट्रंकेत. ट्रंक खाटेखाली. खाट पेवात.

१६ मार्च
पोळपाटही खालीच गेलाय. उपास. ही बोलत नाही. घरात छान शांतता.

१७ मार्च
पेवात पाणी. घरामागं मोरी आहे, ती ड्रॉइंगमध्ये दाखवायची राहिली. तेवढ्यात दादासो आले. खरंच थक्क झाले. बसायला खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसले. मग उठून म्हणाले, महिनाअखेर घर खाली करा.

१८ मार्च
ही चिमीला घेऊन वाईच्या एसटीत बसली. चिमीनं खिडकीतून विचारलं, बाबा, माझा ढीग कुठं टाकला? फार वाईट वाटलं. गाडी गेल्यावरही उगाच स्टँडवर थांबलो.
घरी आलो. खोली अगदी मोकळी. कोपऱ्यात चिमीचा चेंडू होता. भिंतीवर मारून पाहिला. जागा भरपूर आहे. प्लॅन बरोबरच होता.
चेंडू पेवात पडला. पाण्यावर तरंगत राहिला. ‘बाबा, काढून द्या’ म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून काढला नाही.